चिमणी तिसऱ्यापाशी बसली

३ मार्च

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, म्हणून आधी आभार. नमस्कार, तब्येत, हवापाणी सगळं गृहीत धर. सहा वर्षं आपण बोललो नाही. आता हवापाण्यापासून सुरुवात केली तर तू नाकातून हसशील, आणि तुझं ते हसणं मला अजून पाठ आहे.

मला चौकशीला बोलावलंय. घाबरू नकोस. (घाबरणार नाहीसच म्हणा, उलट खूश होशील.) चौकशी माझी नाही, इस्त्रीसाहेबांची आहे. आमच्या शाखेचे मोठे साहेब, गणवेशाची घडी मोडेल म्हणून गाडीतही टेकून बसत नाहीत ते. आरोप असा की खरे चोर सोडून द्यायचे आणि त्यांच्या जागी कुणीतरी बिनवशिल्याचा धरून उभा करायचा. नुसता उभा करून कोर्ट ऐकत नाही, पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे आमची चिमणी.

चाळीस किलोच्या पोलिसी कुत्रीचं नाव चिमणी ठेवलं म्हणून तूच मला वेड्यात काढलं होतंस. ती आता निवृत्त होऊन माझ्याच घरी असते. हे लिहितोय तर टेबलाखाली माझ्या पायावर हनुवटी ठेवून घोरतेय.

ओळखपरेड कशी होते ते मी कोर्टात सांगितलं होतं, पण तू तेव्हा रडत होतीस, म्हणून पुन्हा सांगतो. मागच्या अंगणात नऊ माणसं ओळीत उभी करतात. गुन्ह्याच्या जागी सापडलेली वस्तू बरणीत असते. चिमणी ती हुंगते, मी दोरी धरून तिला ओळीसमोरून नेतो. ज्याच्याशी वास जुळेल त्याच्यापुढे ती बसते. बसली की फोटोवाला एक फोटो काढतो, मी कागदावर सही करतो, संपलं. अशी अकरा प्रकरणं आता उकरून काढलीत. अकराही वेळा दोरी माझ्या हातात होती.

त्यातलं चौथं औषधांच्या गोदामाचं. म्हणजे तुझ्या लेकीच्या, आपल्या ठमीच्या ड्रायव्हरचं.

मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो. रखवालदाराचा खून करून माल पळवला, तिथे एक हातमोजा पडला होता, त्याचा वास चिमणीला तिसऱ्या माणसापाशी मिळाला. मी त्याला ओळखलं नाही. ठमीने पसंत केलेला मुलगा म्हणून एकदा पाच मिनिटं पाहिलेला माणूस, त्यात दाढी वाढलेली, मान खाली. ओळीतलं कुणी एक अक्षर बोललं नाही. चिमणी बसली, मी सही केली. तो कोण हे मला संध्याकाळी तुझ्या फोनवरून कळलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात तू मला एकच विचारलंस, "तेव्हा तुझा हात कुठे होता?" मला वाटलं तुझं डोकं फिरलंय. हात दोरीवर होता, दुसरा कुठे असणार? मी म्हटलं, "कुत्रं खोटं बोलत नाही ताई, माणसं बोलतात." त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस.

आता मला कळत नाहीये की तिथे जाऊन सांगायचं काय. साहेबांनी मला कधीच काही सांगितलं नाही. अगदी खरं. मग चिमणी अकरा वेळा त्यांना हव्या त्याच माणसापाशी कशी बसली? तू माझ्यापेक्षा हुशार. सुचलं तर कळव.

तुझा धाकटा


११ मार्च

ताई,

उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहितो. घरात दुसरं कोण आहे ऐकायला? चिमणीला मी हे सगळं दोनदा सांगून झालंय.

चौकशीला बाहेरून आणलेल्या एक अधिकारी बाई आहेत. खोली लहान, पंखा कुरकुरतो, टेबलावर पेन्सिलींचा गठ्ठा. बाई बोलता बोलता टोकदार पेन्सिलींनाच पुन्हा टोक करत बसतात. मला वाटलं आता आवाज चढवतील. कसलं काय, त्यांनी फोटो मांडले. ओळखपरेडचे, आठ. उरलेले तीन अभिलेख खोलीत सापडत नाहीयेत म्हणाल्या.

"काय दिसतं?"

"चिमणी बसलेली दिसते."

"आणखी?"

"आणखी मी. पोट सुटलेला."

त्या हसल्या नाहीत. पेन्सिलीच्या टोकाने आठही फोटोंत एकेक जागा दाखवली. प्रत्येक फोटोत, चिमणी ज्याच्यापुढे बसली त्याच्या बरोब्बर मागे, पाच पावलांवर, हात पाठीशी बांधून इस्त्रीसाहेब उभे. आठपैकी आठ वेळा.

ताई, मी तिथे होतो गं. त्याच अंगणात, त्या आठही दिवशी. मला हे कधी दिसलंच नाही. म्हणजे साहेब दिसायचे, पण साहेब कुठेतरी उभे असणारच ना! त्यांचं अंगण, त्यांची परेड.

"ते उभे राहायचे म्हणून तुम्ही कुत्रीला बसवायचात?"

"बाई, मी तिला बसवत नाही. ती बसते."

"मग साहेब उभे कुठे आहेत ते तिला कसं कळायचं?"

मी म्हटलं, तिलाच विचारा. हे मात्र त्यांनी मनावर घेतलं. येत्या आठवड्यात चिमणीला घेऊन या म्हणाल्या.

तेवीस वर्षं या कामात काढली. माझ्या हाताखाली चार कुत्री तयार झाली. आणि परवा एका टेबलापाशी बसून मला वाटायला लागलं की मी काय काम करत होतो तेच मला माहीत नाही.

धाकटा


१९ मार्च

ताई,

हे पत्र तरी ठमीला वाचून दाखव. तिच्यासाठी चांगली बातमी आहे. आधी सगळं ऐक मात्र.

चिमणीला घेऊन गेलो. म्हातारी झाली तरी अंगण दिसताच शेपटी ताठ! बाईंनी नऊ माणसं उभी केली होती, बरणी तयार. आम्ही बाहेर थांबलो होतो तेव्हा तिथला एक शिपाई दुसऱ्याला हळूच म्हणाला, "पाचवा आहे." मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला काय करायचंय? नाक चिमणीचं.

चिमणीने बरणी हुंगली. चौघांपुढून सरळ गेली. पाचव्यापुढे बसली, अगदी शाळेतल्या पहिल्या नंबरासारखी. मला तिचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

बाईंनी बरणी माझ्यापुढे उलटी केली. आत कोरा फडका. दुकानातून आणलेला, पाकिटातून चिमट्याने काढलेला, कुणाचाही हात न लागलेला. नऊपैकी कुणाचाच वास त्याला नव्हता. त्या शिपायाला "पाचवा" म्हणायला त्यांनीच सांगितलं होतं.

मग दुसऱ्यांदा केलं. या वेळी फडका खरोखर ओळीतल्या एकाचा होता, पण कितव्याचा ते मला माहीत नव्हतं. चिमणी ओळीच्या टोकापर्यंत गेली आणि वळून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आता काय करू, असं. एवढी वर्षं ती मलाच हुंगत होती, ताई.

त्यांनी हे सगळं कॅमेऱ्यात धरलं होतं. मला हळू करून दाखवलं. पाचवा माणूस येतो, आणि माझा उजवा हात दोरीवर आपोआप आवळतो. अंगठा वर चढतो. दोरी बोटभर आखडते. बस्स, तेवढंच. चिमणीला तेवढं पुरतं. पडद्यावरचा तो हात माझा होता, आणि मी आईशप्पथ सांगतो, मी तो आवळलेला नाही.

तू मला शाळेत सोडायचीस, मनगट धरून. मी काही लपवलं की म्हणायचीस, "याचं तोंड गप्प असतं, पण मूठ वळते." कोर्टात तू म्हणूनच हाताचं विचारलंस ना? आणि मी तुला वेडी ठरवलं.

पण आता चांगली बातमी. सगळं साहेबांवर आलं! ते ज्याच्यामागे उभे राहायचे तिथे माझा हात आवळायचा. मी हुकमाचा माणूस. साहेब नजरेला पडले की माझं अंग आपोआप सावध होतं, तेवीस वर्षांची सवय. अकराही प्रकरणं पुन्हा कोर्टापुढे जातील असं बाई म्हणाल्या. ठमीला सांग, तिचा माणूस सुटेल. आणि यात माझी चूक धरायची तर धरा, पण माझ्या मनात पाप नव्हतं एवढं तरी आता मान.

धाकटा


२ एप्रिल

ताई,

घोळ झालाय.

राहिलेले तीन फोटो सापडले. दोन आधीसारखेच, साहेब मागे. तिसरा गोदामाच्या प्रकरणातला. चिमणी बसलेली आहे, तो उभा आहे, मी आहे. त्याच्यामागे नुसती भिंत. साहेब नाहीत.

बाईंनी हजेरीपट काढला. साहेब त्या आठवड्यात रजेवर होते, शहरातच नव्हते. त्यांच्या जागी जो अधिकारी होता तो परेडच्या वेळी फाटकाबाहेर फोनवर बोलत होता, तसं फोटोवाल्याने सांगितलं. म्हणजे तिथे मला इशारा द्यायला कुणी नव्हतंच. म्हणून ते प्रकरण यादीतून बाहेर काढणार. दहा जणांचा निकाल पुन्हा होईल. ठमीच्या माणसाचा नाही, कारण त्याची परेड स्वच्छ होती! स्वच्छ, हा बाईंचा शब्द.

मी खुर्चीतून उठलोच नाही. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी ती खाली ठेवलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"साहेबांनी आदल्या दिवशी फोन केला होता का? नीट आठवून बघा," म्हणाल्या.

त्या असं का म्हणाल्या ते मला कळलं नाही. खरंच विचारत होत्या, की वाट दाखवत होत्या? मी हो म्हटलं असतं तर ते प्रकरण परत यादीत गेलं असतं. साहेब तसेही दहा प्रकरणांत बुडालेत, अकराव्याने त्यांना काय फरक पडणार? ठमीचा माणूस सुटला असता आणि माझं नावही राहिलं असतं. पण फोन आला नव्हता गं.

"आठवतो आणि सांगतो," म्हटलं आणि घरी आलो. वीस दिवसांची मुदत आहे.

तू काय करशील माझ्या जागी? हो म्हणू? एक खोटं, तेही खोटारड्या माणसाविरुद्ध, आणि एक माणूस सुटतो. की त्यानेच खरंच केलं होतं आणि चिमणीला त्या एकाच वेळी खरोखर वास लागला होता? तसंही असू शकतं ना? माझं डोकं चालत नाही. शिव्या दे, पण उत्तर दे.

धाकटा


९ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे माझंच पत्र परत मिळालं, मागच्या कोऱ्या बाजूवर, तू शिलाईच्या दुकानात कापडावर खुणा करतेस त्या निळ्या पेन्सिलीने लिहिलेल्या तीन ओळी. "तो ठमीला सांगतो की त्याने तुला हाक मारली होती. म्हणतो, तुला ऐकू आली नसणार. ठमी विचारते, ऐकू आली होती का?"

कसली हाक? अंगणात आवाज असतो, बाहेर गाड्या चालू असतात, माझं सगळं लक्ष कुत्रीकडे. सहा वर्षांनी कुणीतरी तुरुंगातून म्हणतं हाक मारली, आणि तू त्यावर मला उभाआडवा घेणार? वकिलाने का नाही विचारलं मग? तेव्हा का नाही सांगितलं कुणी?

एक गोष्ट मी तुला चुकीची लिहिली होती, ती दुरुस्त करतो. तो पाच मिनिटं भेटलेला नव्हता. तू त्याला घेऊन माझ्याकडे आली होतीस, तासभर बसलात. त्याने चिमणीचं कौतुक केलं. तुला आठवत असेल, ती कुणा परक्याला जवळ करत नाही, पण त्याच्या मांडीवर तिने डोकं ठेवलं. तुम्ही गेल्यावर मी तुला फोनवर म्हटलं, "ड्रायव्हरच मिळाला का? आपली मुलगी शिकलेली आहे." तू फोन आपटलास.

तर चिमणी त्याला ओळखत होती. त्याचा वास तिला माहीत होता. आमच्या कामाचा नियम असा की कुत्रं ज्याला ओळखतं त्याच्या परेडला ते न्यायचं नाही, दुसरं आणायचं. नवशिक्यालाही पहिल्या दिवशी हे सांगतात. कोर्टात त्याच्या वकिलाने मला विचारलंही होतं, "श्वान आरोपीला आधीपासून ओळखत होतं का?" मी शपथेवर नाही म्हटलं.

मी त्याला ओळखलंच नव्हतं, मग मी हो कसं म्हणणार होतो?

हे वाक्य लिहिलं तेव्हा चिमणी टेबलाखालून उठून माझ्यापुढे येऊन बसली. तिची दोरी घरात नसते. माझ्या हातात फक्त पेन होतं. मी हाताकडे पाहिलं, ताई. हे पत्र इथेच थांबवतो.


२१ एप्रिल

ताई,

आज सकाळी जबाब दिला. तुला आणि ठमीला तो दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून घरी येताच लिहायला बसलोय.

बाईंनी विचारलं, "फोन आला होता?" मी म्हटलं, "नाही. लिहून घ्या, फोन आला नव्हता. आता बाकीचं लिहा."

मी त्याला दुरूनच ओळखलं होतं. अंगणात पाय ठेवला तेव्हाच. कुणाला बोललो नाही. नातं निघालं असतं, परेड थांबली असती, शाखेत सगळे म्हणाले असते, याच्या भाचीचा होणारा नवरा खुनात धरलाय. मला वाटलं, चिमणी त्याच्यापुढून निघून जाईल, तो सुटेल आणि कुणाला काही कळणार नाही. खरंच असं वाटलं होतं, यावर तरी विश्वास ठेव. पहिल्या दोघांपुढून ती गेली. तिसऱ्यापुढे आलो. त्याने मान वर केली आणि अगदी हळू म्हणाला, "मामा, मी आहे."

माझा हात आवळला.

का, ते मला आजही सांगता येत नाही. त्या शब्दाचा राग आला? अजून लग्न नाही झालं आणि हा कसला मामा म्हणतो? की शेजारच्याने ऐकलं असेल अशी भीती वाटली? की मला तो नकोच होता आणि तेवढ्यात संधी मिळाली? बाईंनी चार वेळा विचारलं, मी चार वेगळी उत्तरं दिली, आणि चारही खरी वाटली. शेवटी त्या म्हणाल्या, "का ते राहू द्या. काय झालं तेवढं सांगा." काय झालं ते सोपं आहे. दोरी बोटभर आखडली, चिमणी बसली, फोटो निघाला, मी सही केली.

त्याने गोदामात काही केलं होतं की नाही, ते मला माहीत नाही. चिमणीलाही माहीत नाही. आम्हा दोघांना ते कधीच माहीत नव्हतं, एवढं आता कागदावर आहे.

बाई म्हणाल्या, कुत्री आरोपीला ओळखत होती हे लपवलं आणि शपथेवर खोटं बोललात, एवढ्यावर ते प्रकरण पुन्हा उघडावंच लागेल. त्याच्या वकिलाला जबाबाची प्रत उद्या मिळेल. माझ्यावर खटला होईल. निवृत्तीला अकरा महिने उरले होते, ते आता विसरायचे. उठताना मला त्यांनी पाणी दिलं. साहेबांचं नाव मी घेतलं असतं तरी त्यांनी लिहून घेतलं असतं का, ते मी विचारलं नाही.

एक मागणं आहे. मला आत जावं लागलं तर चिमणीला तुझ्याकडे ठेवशील का? तिचा काही दोष नाही. ती फक्त माझं ऐकत होती. दुकानात तुझ्या पायाशी पडून राहील, खायला कमी लागतं आता. तिला दोरी मात्र बांधू नकोस.

ठमीची भेटीची वेळ गुरुवारी असते ना? मी तुरुंगाच्या फाटकापर्यंत येणार होतो, पण तिच्यासमोर उभं राहायची माझी हिंमत नाही. म्हणून तिने जे विचारलंय त्याचं उत्तर तूच दे, आणि तिला सांग की तिने ते त्याला सांगावं. सहा वर्षं तो माझी बाजू घेत बसलाय, ते आता थांबवू दे त्याला.

हो, ऐकू आली होती. अगदी नीट ऐकू आली होती.

तुझा भाऊ